चिलिकेचे मुख

हावड्याहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खुर्दा रोड मागे पडले, की काही वेळाने डाव्या हातास पाण्याचा एक अफाट विस्तार दिसू लागतो. बाळुगाव ते रंभा या स्थानकांच्या दरम्यान तो कधी रुळांच्या अगदी जवळ येतो, कधी टेकडीआड जातो. बदलीच्या हुकुमाने मुलाबाळांसह त्या बाजूस गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तो 'समुद्र' म्हणून मुलांना दाखविला असेल. परंतु तो समुद्र नव्हे. ओडिशाच्या पुरी, खुर्दा व गंजाम या तीन जिल्ह्यांमध्ये पसरलेले ते चिलिका सरोवर होय. भूगोलाच्या पुस्तकात त्यास खारकच्छ म्हणतात. ते ना पुरते गोडे, ना पुरते खारे. महानदीच्या दया, भार्गवी इत्यादी शाखा उत्तरेकडून त्यात गोडे पाणी आणतात, पश्चिमेच्या डोंगरांतून लहानमोठे ओढे येऊन मिळतात आणि पूर्वेस एका चिंचोळ्या वाटेने समुद्राची भरती आत येते. पावसाळ्यात त्याचा विस्तार सुमारे ११६५ चौरस किलोमीटरपर्यंत वाढतो. उन्हाळ्यात तो ९०० च्या आसपास उतरतो. आपल्या कोकणातील खाडीवर वाढलेल्या माणसास या पाण्याचा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही. मात्र एवढी मोठी खाडी त्याने पाहिलेली नसते.

या सरोवराचे सारे भाग्य त्याच्या मुखावर अवलंबून आहे. मुख उघडे राहिले तर मासा आहे, मासा आहे तर काठावरील दीडशेंवर गावांतील सुमारे दोन लक्ष कोळ्यांच्या घरी चूल आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे मुख बुजत आले होते, आणि ते पुन्हा उघडण्याचे काम सरकारी शास्त्रज्ञ, स्थानिक कारभारी आणि काठावरचे लोक यांनी मिळून केले. ही हकीगत आम्हांस दोन कारणांनी सांगावीशी वाटते. एक तर तिचा एक धागा थेट आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्यास पोहोचतो. दुसरे असे, की परमुलुखात कारभार करावयास गेलेल्या माणसाने तेथील पाण्याशी व माणसांशी कसे वागावे, याचा एक फार उपयुक्त धडा तिच्यात आहे.

चिलिकेच्या जन्माविषयी ओडिशात एक आख्यायिका सांगतात. रक्तबाहू नावाचा कोणी परकी राजा जहाजांचा तांडा घेऊन जगन्नाथपुरी लुटावयास आला. समुद्रात वाहून आलेल्या घोड्यांच्या लिदीवरून व पालापाचोळ्यावरून त्याचा सुगावा पुरीच्या लोकांस लागला आणि देवासह सर्वजण निघून गेले. रिते नगर पाहून रक्तबाहू समुद्रावर संतापला व त्याने त्यालाच शासन करावयाचे ठरविले. समुद्र प्रथम मागे हटला, आणि सैन्य पुढे सरकताच उसळून आत आला. त्यात सैन्य बुडाले व जे पाणी मागे राहिले ती चिलिका. भूशास्त्रज्ञ याच गोष्टीचा खुलासा निराळ्या रीतीने करतात. काही सहस्र वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढली, तेव्हा येथे एक उपसागर होता. लाटांनी व प्रवाहांनी आणलेल्या वाळूची एक लांबट पट्टी त्याच्या तोंडाशी तयार होत गेली, आणि उपसागर आत कोंडला गेला. आख्यायिकेतील समुद्र कोणाची आज्ञा मानीत नाही, एवढी गोष्ट मात्र शास्त्रासही मान्य आहे.

महाराष्ट्राचा या सरोवराशी आलेला पहिला संबंध राज्यकर्त्याचा होता. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहानंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. शिवभट साठे, भवानी पंडित, राजाराम पंडित अशा सुभेदारांनी कटकेस राहून सुमारे अर्धशतक त्या प्रांताचा कारभार पाहिला. गंजामचा मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर चिलिका ही मराठी सत्तेची दक्षिण सीमा ठरली. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये जी वाळूची पट्टी आहे, तिच्यावरून पुरीस जाण्याचा रस्ता होता, आणि मुखाजवळचे माणिकपाटणा हे त्या रस्त्यावरील नाक्याचे ठिकाण होते. पाणी मध्ये असल्यामुळे मूठभर माणसांनी मोठ्या फौजेस अडवावे, अशी ती जागा.

१८०३ मध्ये त्या जागेची परीक्षा झाली. कर्नल हारकोर्ट याची फौज ८ सप्टेंबर रोजी गंजामहून निघाली, १४ तारखेस तिने माणिकपाटणा घेतले, आणि १८ तारखेस ती पुरीत होती. पावसाळ्याचा शेवट, उधाणलेले पाणी, पुढे एकच वाट. तरीही विरोध झाला नाही. मालुदचा फत्ते महंमद याने इंग्रजांस वाट दाखविली व साहाय्य केले, आणि त्याच्या मोबदल्यात त्याला मालुदची जहागीर करमाफीने मिळाली. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने ओडिशा मराठ्यांच्या हातून कायमचा गेला. या प्रसंगाचे वर्णन करताना इतिहासकार फितुरीचा उल्लेख करतात, व तो खोटा नाही. पण आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पन्नास वर्षे ज्यांनी हे पाणी आपल्या राज्याची सरहद्द म्हणून वहीत लिहिले, त्यांच्यासाठी ते पाणी राखण्याची ओढ काठावरच्या कोणासही वाटत नव्हती. कटकेच्या कचेरीचे सरोवराशी नाते वसुलीपुरते होते. उतार कोठे, खोल पाणी कोठे, होडी कोठे लागते, हे ज्याला ठाऊक होते, त्याचे हित कचेरीने आपल्या हिताशी कधी जोडून घेतले नव्हते.

इंग्रजी अमलात सरहद्द मिटली, पण वसुलीची दृष्टी बदलली नाही. प्रथम लक्ष गेले ते मिठाकडे. पारिकुदच्या बाजूस उन्हात वाळविलेले मीठ तयार होई. मासेमारीचे हक्क पारिकुद, खल्लिकोट इत्यादी जमीनदारांकडे असत, व ते खंड घेऊन ती कोळ्यांस देत. या व्यवस्थेच्या पोटात मात्र एक फार जुनी आणि बारकाईची विभागणी नांदत होती, आणि ती कोणा सरकारी अधिकाऱ्याने घालून दिलेली नव्हती. केउट, कंडरा, तियर, नोळिया अशा कोळी जातींपैकी कोणी कोणते जाळे वापरावे, कोणत्या ऋतूत कोणत्या पाण्यात उतरावे, हे ठरलेले असे. उथळ पाण्यास बांबूच्या चिवाट्यांचे कुंपण घालून ओहोटीबरोबर मासा धरण्याच्या जागेस 'जानो' म्हणत. खोल पाण्यात जाळी लावण्याच्या जागा त्या 'बाहानी'. एकाच्या जागेत दुसरा शिरत नसे, आणि माशाच्या येण्याजाण्याच्या वाटा मोकळ्या राहत. शास्त्रज्ञ ज्याला आज संवर्धन म्हणतात, त्याचा बराचसा अंश या रूढीत होता. फक्त तो कोणत्याही फायलीत नोंदलेला नव्हता.

विल्यम हंटर याने १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ओडिशावरील ग्रंथात चिलिकेचे तपशीलवार वर्णन केले आहे. गाळाने आणि वाळूने हे सरोवर हळूहळू भरत चालले आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. पुढे १९१४ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अॅनन्डेल व स्टॅन्ली केम्प यांनी सरोवरातील प्राणिसृष्टीची पद्धतशीर पाहणी आरंभिली. तिचे वृत्तांत १९१५ पासून पुढे अनेक वर्षे छापले जात होते. बरकुडा नावाच्या लहानशा बेटावर अॅनन्डेल यांना पाय नसलेली एक जातीची सापसुरळी सापडली व त्या बेटावरूनच तिचे शास्त्रीय नाव पडले. हेच अॅनन्डेल १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे पहिले संचालक झाले.

योगायोग असा, की त्याच १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्याच्या प्रश्नांसाठी पुण्यास एक विशेष शाखा उघडली. क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली वाढलेली हीच शाखा पुढे खडकवासल्यास गेली, आणि आज ती केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. एक खाते प्राण्यांची मोजदाद करणारे, दुसरे पाण्याच्या गतीचे गणित मांडणारे. चिलिकेच्या काठी या दोहोंची कामे एका प्रश्नात येऊन मिळावयास मात्र जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली. १९५७ मध्ये हिराकुडचे धरण पुरे झाले आणि महानदीच्या पुराचा जोर मानवी हातांत आला. १९५९ मध्ये कोळ्यांची मध्यवर्ती सहकारी संस्था निघाली. सरकारकडून खंडाने पाणी घेऊन ते गावोगावच्या प्राथमिक संस्थांस वाटून देणे हे तिचे काम. सहकाराचा तो काळ होता, आणि जुनी विभागणी या नव्या चौकटीत काही वर्षे बऱ्यापैकी सांभाळली गेली. १९८१ मध्ये रामसर येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये भारताने ज्या पहिल्या दोन पाणथळ जागांची नोंद केली, त्यांपैकी एक भरतपूरचे केवलादेव आणि दुसरी चिलिका. कागदावर तिचा मान वाढला. पाण्यात मात्र त्याच सुमारास उतार लागला होता.

तो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे. ओडिशाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा तिरप्या येऊन आदळतात आणि वाळू ईशान्येकडे ढकलीत नेतात. ही वाळू थोडीथोडकी नव्हे. वर्षाकाठी तिचे मोजमाप दहा लक्ष घनमीटरांच्या घरात जाते. तिच्या रेट्याने सरोवराचे मुख वर्षानुवर्षे ईशान्येकडे सरकत राहते. मुख सरकले, की सरोवर व समुद्र यांना जोडणारा किनाऱ्यालगतचा ओघ तेवढा लांबतो. लांब आणि उथळ ओघात भरतीचा जोर वाटेतच संपतो. भरती आत पोहोचली नाही, तर ओहोटीही जोराने बाहेर पडत नाही. मग नद्यांनी आणलेला गाळ धुऊन निघत नाही, व तो साचल्यामुळे ओघ आणखी उथळ होतो. असे हे दुष्टचक्र आहे. मगरमुख नावाच्या जागी, जेथे सरोवर या ओघास मिळते, तेथे गाळ बसला. मुख अरखकुडापर्यंत दूर गेले. पाण्याचा खारटपणा घटला, गोड्या पाण्यातील पाणवनस्पतींनी उत्तरेकडचा भाग व्यापला, आणि पावसाळ्याचे पाणी भातखाचरांत अधिक दिवस तुंबून राहू लागले.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो माशास. चिलिकेतील बोयटासारखा मासा अंडी घालावयास समुद्रात जातो व त्याची पिले वाढावयास सरोवरात येतात. कोळंबीचीही तीच रीत. दार बंद झाले, म्हणजे पुढची पिढीच आत येत नाही. १९८५ च्या सुमारास वर्षाकाठी आठ हजार टनांच्या घरात असलेले मत्स्योत्पादन १९९९-२००० मध्ये १७४५ टनांवर आले. दरम्यान १९९३ मध्ये रामसर कराराच्या मंडळींनी चिलिकेचे नाव 'माँट्रो नोंदवही'त घातले. ज्या पाणथळ जागांची प्रकृती ढासळत आहे, त्यांची ही यादी; सरकारी भाषेत सांगावयाचे तर गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा.

याच काळात कोळंबीला परदेशी बाजार मिळाला. त्यामुळे सरोवरावर दुसरे संकट आले, ते माणसाचे. उथळ पाण्यास मातीचे बांध वा जाळी घालून कोळंबी वाढविण्याची 'घेरी' पद्धत फोफावली. १९९१ च्या अखेरीस राज्यसरकारने मासेमारी व संवर्धन अशी पाण्याची विभागणी करून संवर्धनात कोळी नसलेल्यांसही वाट दिली. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कोळंबी-प्रकल्पाविरुद्ध १९९२ मध्ये 'चिलिका बचाओ' आंदोलन उभे राहिले व तो प्रकल्प मागे पडला. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चिलिका व पुलिकत या सरोवरांपासून एक हजार मीटरांच्या आत कोळंबीसंवर्धनाच्या उद्योगास मनाई केली. निकाल झाला, पण घेऱ्या उठल्या नाहीत. त्या काढण्यासाठी कोळी स्वतःच पुढे सरसावले, आणि २९ मे १९९९ रोजी सोरण गावी झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे मेली. मुख उघडण्याच्या कथेत हे चार मृत्यू विसरले जाऊ नयेत. वाळू उपसून जी गोष्ट सुटते, ती कोणती आणि जी सुटत नाही ती कोणती, याचा विचार त्यांच्यापासून सुरू होतो.

राज्यसरकारने १९९१ मध्ये चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले होते. वनखात्याच्या आश्रयाखालील या संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असत. अशी प्राधिकरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. एक पाटी, एक जीप, काही टेबले, आणि 'समन्वय' हा शब्द. सरोवराच्या एका पाण्यावर मत्स्यखाते, पाटबंधारे, महसूल, वन, पर्यटन अशा कितीतरी खात्यांचा हक्क होता, आणि प्रत्येक खात्यास आपल्या फायलीपुरतीच चिलिका दिसे. प्राधिकरणास स्वतःचे अधिकार फारसे नव्हते. त्याने मोठेपणा न मिरविता एक गोष्ट केली. ज्यांस ज्ञान होते त्यांस त्याने प्रश्न नेमका करून विचारला, आणि ज्यांस त्या उत्तराची झळ लागणार होती त्यांस ते उत्तर आधी ऐकविले. भारतीय वनसेवेतील अजितकुमार पटनाईक यांच्या कारकीर्दीत या पद्धतीस स्थिरता आली.

शास्त्रज्ञांकडे विचारणा झाली, तेव्हा प्रश्न असा होता: मुख कोठे पाडावे, म्हणजे भरती आत येईल, गाळ बाहेर पडेल, आणि काठावरच्या गावांस अपाय होणार नाही? गोव्यातील दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी मुखाच्या सुधारणेविषयीचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला होता. खडकवासल्याच्या केंद्राने पाण्याची खोली, भरतीची उंची, प्रवाहाचा वेग, खारटपणा यांची मोजमापे घेऊन गणिती प्रतिरूप तयार केले. असे प्रतिरूप म्हणजे कागदावरचे सरोवर. त्यात हवे तेथे मुख पाडून पाहता येते, आणि चूक झाली तर कोणाचे शेत बुडत नाही. अनेक पर्याय तपासल्यावर सिपकुडा गावाजवळची जागा निश्चित झाली. तेथे वाळूची पट्टी छेदली, तर समुद्राकडे जाणारी वाट सुमारे १८ किलोमीटरांनी कमी होणार होती.

येथे स्थानिक कारभाऱ्यांचे खरे काम सुरू होते. गणित कितीही बिनचूक असले, तरी खाऱ्या पाण्याची भीती भातशेती करणाऱ्यास वाटणारच. जुन्या मुखाजवळ जाळी टाकणाऱ्याची जागा नव्या मुखाने बदलणार. वाळूच्या पट्टीवरील गावांस लाट आत येण्याची धास्ती. प्राधिकरणाने गावोगाव बैठका घेतल्या. कोळ्यांना मुखाच्या चंचल स्वभावाचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. पाणी कोठे जोराने फिरते, वाळू कोणत्या महिन्यात बसते, मासा कोणत्या बाजूने आत शिरतो, या गोष्टी त्यांस कोणी शिकवावयाच्या नव्हत्या. मुख बुजले म्हणजे ते उघडलेच पाहिजे, ही मागणी मूळची त्यांचीच. त्यांच्याजवळ नव्हते ते एवढेच: कोठे कापले असता काय होईल, याचा आधी काढलेला हिशेब. तो खडकवासल्याने दिला. दोन्ही ज्ञानांची अशी गाठ पडली, म्हणून कोणा एका खात्याची ती योजना राहिली नाही.

२३ सप्टेंबर २००० रोजी सिपकुडा येथे नवे मुख उघडण्यात आले. पुढचे काम पाण्याने स्वतः केले. प्रवाहाने मुख रुंद केले. मगरमुखाचा गाळही उपसण्यात आला होता, त्यामुळे भरतीस आत वाट मिळाली. सरोवराचा खारटपणा वाढू लागला, गोड्या पाण्यातील वनस्पती मागे हटल्या, आणि पावसाचे पाणी लवकर निचरू लागले. मासळीचा आकडा तर असा चढला, की सांख्यिकी शाखेतील कोणाही कारकुनाने तो पुन्हा एकदा तपासावा: १९९९-२००० मध्ये जे उत्पादन १७४५ टन होते, ते २००१-०२ मध्ये ११,९८९ टन झाले. इरावती जातीचे डॉल्फिन, जे सातपडाच्या परिसरात कसेबसे टिकून होते, त्यांचीही स्थिती सुधारली. पुढील काळातील गणनांत त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आढळत गेली.

डिसेंबर २००१ मध्ये रामसरच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष येऊन पाहणी केली. नोव्हेंबर २००२ मध्ये चिलिकेचे नाव माँट्रो नोंदवहीतून वगळण्यात आले. आशियात असे प्रथमच घडले. त्याच महिन्यात स्पेनमधील वालेन्सिया येथे भरलेल्या परिषदेत प्राधिकरणास रामसरचे पाणथळ-संवर्धन पारितोषिक मिळाले. ते केवळ मुख पाडल्याबद्दल नव्हते. पश्चिमेकडील डोंगरउतारावर गावकऱ्यांच्या साहाय्याने पाणलोटाची कामे करून गाळ मुळाशीच अडविण्याचा जो प्रयत्न झाला, व निर्णयांत लोकांस जो वाटा मिळाला, त्याचाही तो गौरव होता.

लोकांचा वाटा कोठवर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण उत्तर काठावरील मंगळाजोडी गावात मिळते. हिवाळ्यात उत्तरेकडून लक्षावधी पक्षी चिलिकेत उतरतात, आणि त्यांची शिकार करून विकणे हा या गावातील पुष्कळांचा धंदा होता. २००० सालापासून येथील शिकाऱ्यांनीच पक्षीरक्षणाची समिती स्थापन केली. पक्षी कोठे निजतो, कोठे चरतो, हे जितके शिकाऱ्यास कळते तितके कोणास कळणार? तेच ज्ञान आता राखणीस व पाहुण्यांस पक्षी दाखविण्यास उपयोगी पडू लागले. वनखात्याच्या चौकीने जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते या गावाने साधले.

एवढे सांगून थांबलो, तर हकीगत गोड होईल. पण ती पुरी होणार नाही. मुख उघडल्याने मासा आला. मासा कोणाचा, हा प्रश्न मात्र मुखाबाहेर वाहून गेला नाही. पीक वाढले तसे त्यावर डोळा ठेवणारेही वाढले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वीस वर्षांनीही घेऱ्या उभ्या होत्या, आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्या हटविण्याची मोठी मोहीम काढावी लागली. खडकवासल्याच्या प्रतिरूपात भरतीचे गणित मांडता येते, पण पिढीजात कोळी आणि नव्याने पाण्यात उतरलेला पैसेवाला यांच्यामधील न्याय त्यात मांडता येत नाही. ते काम महसुलाचे, पोलिसांचे, कायदेमंडळाचे. म्हणजे आपल्यासारख्यांच्या टेबलावरून जाणाऱ्या कागदांचे. शास्त्रज्ञांनी आपला भाग केल्यावर कारभाऱ्यांचा भाग मागे राहिला, असे चिलिकेच्या बाबतीत म्हणावे लागते.

शिवाय मुख एकदा उघडले म्हणून कायमचे उघडे राहत नाही. वाळूचा रेटा होता तसाच आहे. २००८ मध्ये सिपकुडाच्या उत्तरेस गबकुंडाजवळ समुद्राने आपण होऊन वाट काढली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन, आणि ३ मे २०१९ रोजी फनी या चक्रीवादळांनी किनाऱ्याची रचना पुन्हा पालटून टाकली. फनीनंतर तर एकाहून अधिक नवी मुखे दिसली. अशा प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे लागते, पुन्हा विचारावे लागते. म्हणून बारकुल येथे प्राधिकरणाने स्थापन केलेले पाणथळ-संशोधन केंद्र आम्हांस पारितोषिकापेक्षा अधिक मोलाचे वाटते. पाण्याचे नमुने घेणे, खारटपणा मोजणे, मासळीच्या नोंदी ठेवणे हे काम तेथे महिन्यामागून महिने चालते. त्यात कौतुकाची बातमी होण्याजोगे काही नाही. पण पुढील मुखाचा निर्णय ज्या आकड्यांवर घ्यावयाचा, ते आकडे असेच जमत असतात.

आपण बदलीची माणसे. तीन वर्षे एका गावी, तीन दुसऱ्या. जेथे जातो तेथील भाषा मोडकीतोडकी बोलू लागतो न लागतो, तोच नवा हुकूम येतो. शिवभट साठ्यांपासून राजाराम पंडितांपर्यंत कटकेस राहिलेले मराठी अंमलदारही एका अर्थाने आपल्याच जातीचे. त्यांनी वसुलीचे कागद नीट ठेवले असतील. परंतु माणिकपाटण्याच्या नावाड्यास त्या राज्याविषयी आपलेपणा वाटावा असे काही मागे ठेवले नाही, आणि वेळ आली तेव्हा पाणी परक्यास उतार देऊन गेले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, त्याच मुखापाशी, महाराष्ट्रातून पुन्हा काही माणसे आली. त्यांच्याजवळ सनद नव्हती. मोजपट्टी, भरतीमापक आणि वह्या होत्या. त्यांनी पाण्याचा हिशेब केला, तो काठावर राहणाऱ्यांच्या हाती दिला आणि ती परत गेली. ओडिशातील कारभाऱ्यांनी तो हिशेब लोकांस समजावून दिला व तो अमलात आणला.

ज्या जिल्ह्यात आपली नेमणूक आहे, तेथेही एखादे नदीमुख, एखादा तलाव, एखादा बंधारा असेलच. त्यावर कोणत्या खात्याचा कोणता हक्क आहे, हे आपण पहिल्या आठवड्यात शिकतो. त्याच्या काठी कोण राहते, त्यांस त्या पाण्याविषयी काय ठाऊक आहे, आणि त्याची मोजमापे कोठे ठेवलेली आहेत, एवढे बदलीचा हुकूम येण्यापूर्वी जाणून घेतले व आपल्यामागून येणाऱ्यासाठी नीट लिहून ठेवले, तर चिलिकेचा धडा आपण शिकलो, असे म्हणता येईल.